महाराजांसाठी राखलेली खोली

कुणाला दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटतो, कुणाला सुनेचा, कुणाला लांबसडक केसांचा. खरवईच्या द्रौपदीकाकूंना हेवा वाटला तो जावेच्या कमोडचा. हसायचं तर हसा, पण गोष्ट पुरी ऐकून हसा.

काकू माळकरी. खरवईच्या मारुतीच्या देवळात चैत्रात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन होतं. ते करायला जनार्दनबुवा येतात. काय तो आवाज! बुवांनी चाल उचलली की मृदंगवाला सुद्धा क्षणभर हात आवरून ऐकत राहतो. बुवा आदल्या दिवशी दुपारी यायचे आणि मुक्काम करायचे तो द्रौपदीकाकूंच्या ओटीवर. अंगाखाली घोंगडी, उशाशी तांब्या, पहाटे गवती चहा घातलेला कोरा चहा. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे म्हणाले होते, "सूनबाई, घर आपलं आहे ते वर्षभर. सप्ताहात ते बुवांचं." काकूंनी ते शब्द माळेच्या मण्यासारखे जपले. गावात कुणाकडे सोनं होतं, कुणाचा मुलगा परदेशात होता. काकूंकडे बुवांचा मुक्काम होता.

तो मुक्काम गेल्या वर्षी हातचा गेला.

बुवांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायची बंदी केली. सप्ताहाच्या आधी संतोष काकूंच्या ओटीवर येऊन टेकला. हा संतोष म्हणजे सप्ताह कमिटीचा सेक्रेटरी आणि बदलापुरातला खोल्या दाखवणारा एजंट, दोन्ही एकच.

"काकू, यंदा बुवांना बनूकाकींकडे ठेवतोय."

"का रे बाबा? माझ्या ओटीला काटे फुटले?"

"तसं नाही हो." संतोष मोबाईलकडे बघत राहिला. "त्यांच्याकडे ते आहे ना. वेस्टर्न."

बनूबाई म्हणजे काकूंची धाकटी जाऊ. एकाच कौलारू घराची वाटणी होऊन मधे एक भिंत उभी राहिलेली, अलीकडे थोरले कोंडाजी आणि द्रौपदीकाकू, पलीकडे धाकट्या रामभाऊंचं बिऱ्हाड. रामभाऊ गेले. पण त्यांचा मुलगा सुयोग खटपट्या. इकडे खरवईच्या माळावर टॉवर उगवायला लागले तसं त्याने भाताची कोठी मोकळी केली, टाईल्स बसवल्या, कमोडचं संडास-बाथरूम खोलीच्या आत घेतलं आणि समीर-करिष्मा नावाचं एक तरुण जोडपं भाड्याने ठेवलं. ती दोघं सप्ताहात दोन दिवस आपली खोली बुवांसाठी सोडून मित्राकडे जाऊन राहिली, आणि सगळा गाव म्हणाला, "बनूबाईला भाडेकरू पण कसे देवमाणूस मिळाले!"

काल्याच्या कीर्तनात काकू मागे खांबाला टेकून बसल्या. बुवा म्हणाले, "मत्सराला स्वतःची भूक नसते माउली, तरी तो दुसऱ्याच्या ताटात वाकून बघतो." मंडपात हशा पिकला. काकूंनी मान उंचावून पुढच्या रांगेतल्या बनूबाईकडे पाहिलं. बरं झालं, म्हणाल्या मनात, बरोब्बर हिलाच लागलं असेल.

दिवाळी झाली आणि काकूंनी नवऱ्यापुढे विषय काढला. कोंडाजी अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना बसल्या जागी दोन गोष्टी आवडत, विडा आणि शांतता.

"गोठा रिकामाच पडलाय," काकू म्हणाल्या. "गुरं गेली त्याला जमाना झाला. खोली काढू. आत सगळी सोय करू."

"कुणासाठी?"

आता बुवांसाठी म्हणावं तर कोंडाजी म्हणाले असते, वर्षातल्या एका रात्रीसाठी कोण गोठा पाडतं? काकू म्हणाल्या, "भाडेकरू ठेवू. सगळे ठेवतात."

"तुला घरात परकं माणूस चालेल?"

"न चालायला काय झालं? बनूला चालतं ना?"

त्या शेवटच्या वाक्यात सगळं होतं, पण कोंडाजी विडा जमवत होते.

मग काम निघालं. मुकेश मिस्त्रीने गव्हाण फोडली, शेणाने पिढ्यान्पिढ्या सारवलेली जमीन उकरली, कौलं उतरवून नव्या वाशांवर परत चढवली आणि खालून पांढरं सिलिंग मारलं. भिंतीला गिलावा, गिलाव्यावर पुट्टी, पुट्टीवर फिकट आंबा रंग. बनूच्या खोलीचा रंग लिंबू होता. आंबा लिंबापेक्षा मोठा, एवढाच त्यातला विचार. बाथरूमच्या टाईल्सवर गाडी अडली.

"काकू, टाईल कहाँ तक लगाऊँ?" मुकेशने विचारलं.

"त्यांच्याकडं कुठपर्यंत आहेत?"

"दरवाजे की हाईट तक."

"मग आपल्याकडं छतापर्यंत."

"और पकडने का दांडा?"

"त्यांच्याकडं आहे?"

"एक है."

"दोन लाव."

मुकेशच्या हळूहळू लक्षात आलं की या घराचं माप टेपने घ्यायचं नाही, शेजारच्या घराने घ्यायचं. तो पुढे पुढे स्वतःच पलीकडे डोकावून यायचा आणि कामाला लागायचा.

मुख्य वस्तू आणायला काकू कोंडाजींना घेऊन उल्हासनगरला गेल्या. दुकानाचा सिंधी मालक जुना, गोड बोलणारा. त्याने एकामागून एक कमोड दाखवले. काकू प्रत्येकाचं झाकण उघडून, मिटून, वर टिचकी मारून बघत होत्या, जशा बाजारात मडकं वाजवून घेतात.

"याच्यापेक्षा भारी."

"माताजी, इससे भारी तो फिर राजा लोग का आता है."

"राजे नकोत. महाराज आहेत."

"अच्छा अच्छा, महाराज!" त्याने हात जोडले आणि आतून एक पांढराशुभ्र कमोड काढला. झाकण सोडलं की ते आपलं आपण, आवाज न करता, हळूच मिटायचं. काकूंनी ते तीनचारदा मिटवून पाहिलं. इतक्या विनयाने मिटणारी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "हे बघा," त्या कोंडाजींना म्हणाल्या, "याला संस्कार आहेत."

खोली तयार झाली त्या दिवशी काकूंनी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, नळाला लावलं, आणि जाता जाता फ्लशच्या टाकीलाही एक बोट टेकवलं. कमोडवरचं प्लास्टिक मात्र तसंच ठेवलं. ते कुणी काढायचं नाही, अशी घरात ताकीद. कोंडाजींना सुद्धा. "महाराजांच्या आधी त्याच्यावर कुणी बसायचं नाही," असं त्या बोलल्या नाहीत, पण मनात नेम धरला होता तो हाच. देवाच्या नैवेद्याला आधी कुणी तोंड लावतं का?

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण खोली भाड्याने द्यायला काढलेली, आणि सप्ताह अजून लांब.

संतोष गिऱ्हाईकं आणू लागला. एक अविवाहित मुलगा आला, नोकरी चांगली, बोलणं चांगलं. काकूंनी त्याला नाकारलं, कारण त्याने विचारलं, "वाय-फाय घेता येईल ना?" आणि काकू म्हणाल्या, "आमच्याकडं तसलं काही खात नाहीत." नवराबायको आणि एक छोटा असं कुटुंब आलं. छोट्याने नव्या फरशीवर बसून दोन हातांनी ताल धरला. एरवी काकूंनी त्याला टाळ दिले असते. त्या दिवशी म्हणाल्या, "पोर आपटेल हो. टाईल्स फार गुळगुळीत आहेत."

"काकू," संतोष बाहेर येऊन म्हणाला, "खोली भाड्याने द्यायचीय, का संभाळून ठेवायचीय?"

"माणूस बघून द्यावी लागते रे."

मग फेब्रुवारीत संतोषने एक म्हातारं जोडपं आणलं. गृहस्थ शाळेतून निवृत्त. बाईंचं नाव गंगूबाई, गळ्यात तुळशीची माळ, पाय सुजलेले. खोली पाहून बाईंचे डोळे भरून आले. "जवळच देऊळ आहे, सप्ताह होतो, आणखी काय हवं?" म्हणाल्या. काकूंच्या तोंडावर हो आलं होतं. इतक्यात बाईंनी संकोचाने विचारलं, "ताई, जरा बाथरूम वापरू का? रिक्षात फार वेळ गेला. आणि खाली बसवत नाही हो मला."

काकूंनी त्या दाराकडे पाहिलं. दाराआड प्लास्टिकमधलं ते शुभ्र आसन. "पाणी अजून सोडलं नाही," त्यांच्या तोंडून गेलं.

आणि नेमकी त्याच वेळी वरची टाकी भरून वाहू लागली. कौलांवरून पाणी धो धो अंगणात पडलं. गंगूबाई नवऱ्याच्या हाताला धरून, पाय ओढत, परत रिक्षात चढल्या. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी देवळात गेल्या, पण मारुतीच्या डोळ्याला डोळा न देता शेंदराकडेच बघत उभ्या राहिल्या.

चैत्र लागला. कमिटीची बैठक झाली आणि संतोष सांगत आला, "काकू, बुवा तुमच्याकडे! खोली बघून अध्यक्ष खूश. म्हणाले, हॉटेलात पण असं नसतं."

काकूंनी पदराने डोळे टिपले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बनूला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं झालं, अक्काचंच आहे ते."

हे उत्तर काकूंना मुळीच आवडलं नाही. बनू चिडली असती, कुरकुरली असती, तर त्या मुक्कामाला चव आली असती. असा हसतखेळत सोडलेला मान म्हणजे मीठ न घातलेली आमटी.

सप्ताह बसायच्या आदल्या आठवड्यात बायका देऊळ धुवायला गेल्या, आणि बनूबाई ओल्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. काकू दवाखान्यात रोज डबा घेऊन गेल्या, जावेचे केस विंचरले, तोंड पुसलं. सगळं केलं. पण पहिल्या दिवशी, बेलवलीच्या रेल्वे फाटकापाशी रिक्षात बसल्या बसल्या एक विचार त्यांच्या मनाला चाटून गेला होता. यंदा आता कमिटी काही झालं तरी बनूकडे जाणार नाही. त्यांनी लगेच "रामकृष्णहरी" म्हणून तो झटकला. झटकला, पण आला होता हे त्यांना ठाऊक होतं आणि पांडुरंगाला ठाऊक होतं.

सप्ताहाचा सहावा दिवस. दुपारनंतर बुवा येणार. काकू नव्या खोलीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होत्या. नवी चादर, नवी घोंगडी, तांब्या घासून सोन्यासारखा. आता फक्त ते प्लास्टिक काढायचं राहिलं होतं. ते त्या शेवटी, हात धुऊन काढणार होत्या.

पलीकडे गाडी थांबली. सुयोग आणि त्याची बायको तेजल बनूबाईला दवाखान्यातून घेऊन आले. गोठ्याची भिंत आणि बनूबाईचं माजघर यांच्यात एकच वीट. सगळं ऐकू येत होतं.

"आई, डॉक्टर म्हणाले खाली अजिबात बसायचं नाही," सुयोग सांगत होता. "मी प्लास्टिकच्या खुर्चीला मधे गोल भोक पाडून घेतलंय. ती संडासात ठेवू."

"हलते ती," तेजल म्हणाली. "मी बसून बघितली. मीच पडत होते."

"मग करिष्माला सांगू का, त्यांचं वापरायला? ते दोघं सकाळीच गावाला गेले, चावी देऊन गेलेत."

"नको," बनूबाईचा आवाज. "चार दिवस ठीक आहे रे. मला दीड-दोन महिने लागणार. लोकांच्या संसारात रोज उठून कुठं जाऊ? आणि त्यांच्या दाराला तीन पायऱ्या. चढू कशी?"

मग तेजल म्हणाली, "आई, पाणी घ्या. सकाळपासून घोटभर सुद्धा घेतलं नाही. गोळ्या आहेत."

"नको गो. पाणी प्यायलं की जावं लागतं."

काकूंच्या हातात सुतळी होती. त्यांनी मोठ्याने अभंग म्हणायला सुरुवात केली, पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून. दोन ओळी झाल्या. आवाज चांगला लागला होता. तिसरी ओळ काही केल्या आठवेना. आयुष्यभर म्हटलेला अभंग, आणि जीभ अडली ती अडलीच. भिंतीपलीकडे ओठ कोरडे ठेवून एक बाई निजली होती. लग्न होऊन आली तेव्हा सोळा-सतराची पोर, काकूंच्याच कुशीत रडून झोपलेली.

"पांडुरंगा, उद्या आणायची होतीस हिला घरी!" काकू तोरणाकडे बघून ओरडल्या. "एक दिवस! एक दिवस थांबला असतास!"

मग त्यांनी सुतळी टाकली, बाथरूमचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी ते प्लास्टिक टराटरा फाडलं.

पलीकडे जाऊन त्या सुयोगला म्हणाल्या, "ती खुर्ची टाक उकिरड्यावर. उचल आईला. आमच्याकडं पायरी नाही, गोठाच होता तो."

"अक्का," बनूबाई उशीवरून म्हणाली, "ते बुवांसाठी राखलंयस तू."

"कोण म्हणतं?"

"अगो, सगळी खरवई म्हणते. तीन भाडेकरू पळवलेस. त्या म्हातारीला तर..."

"गप. पाणी पी आधी."

तांब्यातलं पाणी बनूबाई घटाघटा प्यायली. मग सुयोगने आणि तेजलने तिला धरून धरून आणलं. काकू बाथरूमच्या दाराबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "अक्का, दोन दांडे! अगो बाय, केवढी सोय केलीस!" तो आनंद ऐकून काकूंना बरं वाटलं आणि त्याच घासाला खडाही लागला. सगळ्यात आधी बसली ती बनूच.

कोंडाजी अंगणातून सगळं पाहत होते. विडा बाजूला सारून म्हणाले, "चला, लागला एकदाचा भाडेकरू. भाडं मागायची सोय नाही, पण लागला."

संतोष मोटरसायकलवरून आला तो थेट ओरडतच. "काकू, बुवांची गाडी बदलापूर स्टेशनापाशी आली! आणि तुम्ही खोलीत पेशंट घातलात? आता बुवांना कुठं ठेवू? माझ्या ऑफिसात?"

सुयोगने खिशातून करिष्माची चावी काढली. "त्या म्हणाल्याच होत्या, मागच्या वर्षीसारखी लागली तर वापरा."

काकूंना ते आधीच सुचलं होतं. पण कुणाला तरी दुसरं काहीतरी सुचेल, म्हणून त्या गप्प होत्या. कुणाला सुचलं नाही.

म्हणजे बुवा पुन्हा बनूकडेच. छतापर्यंतच्या टाईल्स, आंबा रंग, ते संस्कारी झाकण, सगळं केलं, आणि बुवा निघाले त्याच लिंबाच्या खोलीत. जमलेल्या बायकांतून कुणीतरी म्हणालंच, "काय बाई नशीब! बनूबाई अंथरुणात, तरी महाराज तिच्याच घरी." काकूंना क्षणभर वाटलं, ते तोरण ओढून तोडून टाकावं. त्याऐवजी त्यांनी नवी घोंगडी खांद्यावर टाकली, तांब्या घेतला आणि पलीकडे अंथरून आल्या.

बुवा आले. गुडघे धरत पायऱ्या चढले. त्यांना बनूबाईचं कळलं तेव्हा तसेच उतरून तिला भेटायला आले, दारातून हात जोडून म्हणाले, "माउली, उद्या कीर्तन ऐकायचं हं. स्पीकर तुमच्या खिडकीकडे वळवायला सांगतो." परत जाताना द्रौपदीकाकूंना म्हणाले, "तुमच्या हातचा तो कोरा चहा मिळेल ना पहाटे?" बस्स. टाईल्सकडे त्यांनी नजर सुद्धा टाकली नव्हती.

तेजल सासूच्या औषधांत, सुयोग मंडपात. बुवांचं जेवण कोण करणार? काकूंनी कमरेला पदर खोचला आणि बनूबाईच्या स्वयंपाकघरात शिरल्या. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, खोबऱ्याची चटणी. दिवेलागणीला बुवांना वाढलं, समोर बसून वारा घातला, आणि हात पुसत आपल्या घरी आल्या.

नव्या खोलीत बनूबाई कॉटवर टक्क जागी.

"जेवले?"

"जेवले."

"किती भाकऱ्या खाल्ल्या?"

"मोजल्या नाहीत गो. एक मागून घेतली."

"मागून?" बनूबाईने चादरीची किनार बोटाला गुंडाळली. "पीठ कुठलं घेतलंस?"

"माझं. इथूनच नेलं."

"माझ्या डब्यात होतं की! तेजलने परवाच दळून आणलेलं. पहिल्या रांगेत डबा आहे. दिसला नाही तुला?"

"घाईत होते."

"आणि माझं लोणचं? बरणी काढलीस? हात कोरडा होता ना?"

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. बनूच्या भुवया जवळ आलेल्या, ओठ जरा पुढे, नजर भिंतीपलीकडे लागलेली. हे तोंड काकूंच्या ओळखीचं होतं. वर्षभर रोज सकाळी केस विंचरताना आरशात तेच तर दिसत होतं. इतके दिवस वाटायचं, हिला कधी कशाचं काही लागतच नाही. आणि आज हिच्याच घरात, हिच्याच ताटात, आपण बुवांना वाढून आलो होतो.

एवढं गोड काकूंना खोली, टाईल्स, कशातच वाटलं नव्हतं. त्या कॉटच्या कडेला ऐसपैस बसल्या. "काय सांगू तुला बनू," म्हणाल्या, आणि सावकाश, चवीचवीने सांगू लागल्या, बुवांनी बिरड्याचा वास कसा घेतला, डोळे कसे मिटले, चटणी बोटाने कशी पुसून घेतली. बनूबाई ऐकत होती आणि कडू काढा प्यावा तसे एकेक घोट गिळत होती. "हं," म्हणत होती. "हं."

मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं. "लोणच्याचं नाही सांगितलंस."

लोणच्याला बुवांनी हातही लावला नव्हता. पथ्य होतं त्यांना.

"लोणचं?" त्या म्हणाल्या. "अगो, दोनदा मागितलं. म्हणाले, असं लोणचं अख्ख्या पंचक्रोशीत नाही."

बनूबाईने तोंड परत वळवलं. भुवया सुटल्या, चेहरा कसा उजळून निघाला. "मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी पण तसंच म्हणाले होते. माझ्या हातालाच ते आहे, अक्का."

काकूंनी तिच्या अंगावरची चादर जरा जोरातच सारखी केली.

"निज आता," त्या उठत म्हणाल्या. "पहाटे चहाला मला लवकर उठायचंय. माझ्या हातचा मागितलाय त्यांनी."